तीन हजारांच्या आतला कॅम

जुन्या अमेरिकन व्ही-८ गाडीचं इंजिन खोललं की मालकाचं मन कॅमशाफ्टवर जातंच. इंजिन उघडलंच आहे, बोअर होणारच आहे, पिस्टन-रिंगा नव्या येणारच आहेत, मग कॅमही जरा तिखट घालू या, असा तो विचार. कॅटलॉगात पानंच्या पानं कॅम असतात. मागच्या पानांकडे जावं तसे आकडे मोठे होत जातात आणि किंमत मात्र फारशी वाढत नाही. मग छोटा कशाला घ्यायचा? फसगत इथेच होते. मागच्या पानावरची हॉर्सपॉवर सहा-साडेसहा हजार आरपीएमला मिळते, आणि गाडी फिरणार असते वसई पूर्वेला. एव्हरशाईन सिटीतून निघायचं, गोखिवरे, वालीव करत वसई फाटा गाठायचा, आणि फार तर रविवारी सकाळी हायवेने मनोरपर्यंत जाऊन यायचं.

एक हिशोब मांडून बघू. साठीच्या दशकातली एखादी शेवरले घ्या. मागच्या ॲक्सलचं प्रमाण ३.५५, टॉप गिअर एकास एक, टायरचा बाहेरचा व्यास ६८ सेंटिमीटर. टायर एका फेऱ्यात साधारण २.१४ मीटर जातो. ताशी १०० किलोमीटरला चाकाचे मिनिटाला सुमारे ७८० फेरे होतात आणि इंजिनाचे त्याच्या ३.५५ पट, म्हणजे पावणेतीन हजारांच्या किंचित वर. ताशी ६०ला इंजिन साडेसोळाशेच्या आसपास असतं. संध्याकाळी एव्हरशाईनच्या मुख्य रस्त्यावर रिक्षा, भाजीच्या हातगाड्या आणि उलट्या बाजूने येणाऱ्या स्कूटी यांच्यामधून ताशी २०ने सरकायचं म्हटलं, तर २.५२च्या पहिल्या गिअरमध्ये चौदाशे. खानिवड्याच्या टोलनाक्यापर्यंत जाऊन आलात तरी टॅकोमीटरच्या काट्याने तीन हजारांचा आकडा क्वचितच ओलांडलेला असतो. मग सहा हजारांना जागा होणारा कॅम घालून उपयोग कुणाला?

कॅम नेमकं करतो काय, ते आता. तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याच्यावरचे लोब टॅपेट उचलतात, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा आणि कधी मिटायचा, एवढ्या तीन गोष्टी लोबच्या आकारात कायमच्या कोरलेल्या असतात. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत पिस्टन वर असताना इनटेक उघडतो आणि पिस्टन तळाला पोचला की मिटतो. प्रत्यक्षातलं कुठलंच इंजिन असं वागत नाही, कारण हवेला वजन आहे आणि वजनाला रेटा. वसई रोड स्टेशनवर सकाळची चर्चगेट लोकल आठवा. गाडी हलली तरी मागून रेटा असेल तर आणखी चार जण आत जातात. रेटा नसेल तर दारात लोंबकळणारा माणूसच आतल्या ढकलाढकलीने बाहेर पडतो. पिस्टन तळाला जाऊन पुन्हा वर निघाल्यावरही इनटेक व्हॉल्व्ह उघडा ठेवतात तो याच रेट्याच्या भरवशावर. वेग जास्त असला की हवा आत घुसत राहते. वेग कमी असला की आत आलेली हवा पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो, आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पेट्रोलचं धुकं तरंगताना दिसतं.

म्हणून कॅमच्या सगळ्या आकड्यांत मी सगळ्यात जास्त भाव देतो तो इनटेक मिटण्याच्या क्षणाला. कॅटलॉगवाले तो आकडा बारीक अक्षरात छापतात, आणि काही तर छापतही नाहीत. त्याचा परिणाम मोजून बघता येतो. शेवरलेचं ३५० क्युबिक इंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं इंजिन घ्या. स्ट्रोक ८८.४ मिलिमीटर, कनेक्टिंग रॉड सुमारे १४५ मिलिमीटर, कॉम्प्रेशन ९:१. पिस्टन तळाला गेल्यानंतर क्रँक ६० अंश फिरल्यावर इनटेक मिटत असेल, तर त्या क्षणी पिस्टनचा वर जाण्याचा ८१ टक्के प्रवास उरलेला असतो. ७५ अंशांवर मिटत असेल तर फक्त ७० टक्के. खरं दाबणं व्हॉल्व्ह मिटल्यावरच सुरू होतं. त्यामुळे कागदावरचं ९:१ कॉम्प्रेशन कमी वेगात पहिल्या कॅमला ७.५ एवढं उरतं आणि दुसऱ्याला ६.६. कॅम बदलला पंधरा अंशांनी आणि इंजिनाच्या दाबाचा आठवा हिस्सा गेला. स्पीडब्रेकरवरून उचलताना गाडी जो दम सोडते तो हा.

यावर एक उत्तर तयार असतं: कॉम्प्रेशन वाढवा. साडेदहाचे पिस्टन घाला, मग उशिरा मिटणारा कॅमही पुरेसा दाब धरेल. बरोबर आहे, पण मग वेग वाढल्यावर तोच सिलिंडर नीट भरतो आणि मे महिन्यात, गरम इंजिनात, पंपावर मिळेल त्या पेट्रोलवर नॉकिंग सुरू होतं. कॉम्प्रेशन आणि कॅम यांची जोडी एकत्रच ठरवावी लागते. आधी एकाची खरेदी आणि मग दुसऱ्याची जुळवाजुळव, या क्रमाने गेलं की खर्च दोनदा होतो.

आता कॅटलॉगमधले बाकीचे आकडे. ड्युरेशन म्हणजे व्हॉल्व्ह किती काळ उघडा राहतो, ते क्रँकच्या अंशांत. पण मोजायचं कुठून? व्हॉल्व्ह जागेवरून हलला-न-हलला तिथून मोजलं तर आकडा मोठा दिसतो, आणि तो मोजायची प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. एकीचा २७० आणि दुसरीचा २७० यांची म्हणूनच तुलना करता येत नाही. त्यासाठी टॅपेट ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर उचलल्यापासूनचं ड्युरेशन बघायचं. तो आकडा सगळ्यांचा एकाच मापाने येतो.

या मापाने शेवरलेच्या स्मॉल ब्लॉकचे, म्हणजे या ३५०च्या घराण्यातल्या छोट्या व्ही-८चे, तीन कारखानी कॅम शेजारी शेजारी ठेवले की सगळा विषय समोर येतो. पहिला साध्या ३२७ आणि ३५० इंजिनांतला: इनटेक १९५ अंश, एक्झॉस्ट २०२. घरगुती गाडीचा कॅम. स्लो, म्हणजे उभ्या गाडीतलं आयडलिंग, शांत, हजार आरपीएमपासून ओढ, साडेचार-पाच हजारांपुढे श्वास संपला. दुसरा १९६५मध्ये आलेल्या एल-७९ नावाच्या ३२७ इंजिनातला: दोन्हीकडे २२२ अंश, हायड्रॉलिक टॅपेट, आणि कंपनीने सांगितलेली ३५० हॉर्सपॉवर. तिसरा ‘३०-३०’. टॅपेटचा गॅप दोन्ही बाजूंना ०.०३० इंच ठेवायचा, म्हणून हे नाव. दोन्हीकडे २५४ अंश, सॉलिड टॅपेट. १९६७ ते १९६९च्या कॅमारो झेड-२८मध्ये ३०२ क्युबिक इंचाच्या इंजिनात तो बसला, कारण ट्रान्स-ॲम शर्यतीत पाच लिटरच्या आत राहायचं होतं. कंपनीने कागदावर २९० हॉर्सपॉवर लिहिली. खरी त्याहून बरीच जास्त होती हे जगजाहीर आहे. तो कॅम ट्रॅकसाठी होता आणि ट्रॅकवर त्याने नाव काढलं. गोखिवऱ्याच्या नाक्यावर क्लच अर्धा दाबून उभं राहायला तो कुणी बनवला नव्हता.

माझं मत विचाराल तर वसईत फिरणाऱ्या ३५० इंजिनाला पहिल्या आणि दुसऱ्या कॅमच्या मधला, २०५ ते २१५ अंशांचा कॅम पुरे. मॅन्युअल गिअर, ९.५च्या आसपास कॉम्प्रेशन आणि मोकळा एक्झॉस्ट असेल तर एल-७९पर्यंत जायला हरकत नाही. त्यापुढे मी जाणार नाही. इंजिनाचा आकारही यात येतो. जो कॅम ४५४ क्युबिक इंचात गोगलगायीसारखा वागतो तोच ३०२मध्ये आडदांड होतो, कारण हवा मागणाऱ्या सिलिंडरचं आकारमानच दीडपट आहे. शेजाऱ्याच्या बिग ब्लॉकमध्ये बसलेला कॅम आपल्या स्मॉल ब्लॉकला ‘तोच द्या’ म्हणून मागवणं म्हणूनच धोक्याचं.

लिफ्टचं, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो त्याचं, गणित तुलनेने सोपं आणि थोडं सुखाचं आहे. व्हॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या एक चतुर्थांश उचलला की त्याच्या कडेभोवतीची फट आणि पोर्टचं तोंड यांचं क्षेत्रफळ सारखं होतं. ४९ मिलिमीटरच्या इनटेक व्हॉल्व्हला ही मर्यादा बारा मिलिमीटरच्या जरा वर येते, आणि जुन्या लोखंडी हेडचं पोर्ट त्याच्या आधीच हात टेकतं. साध्या ३५०च्या कॅमची लिफ्ट इनटेकला ९.९ आणि एक्झॉस्टला १०.४ मिलिमीटर आहे, तेव्हा वाढवायला जागा आहे. ड्युरेशन वाढवलं की खालचा दम जातो. लिफ्ट बेताने वाढवली तर जात नाही, फक्त स्प्रिंगवर आणि गाइडवर भार वाढतो. म्हणून ड्युरेशन कमी आणि लिफ्ट जरा जास्त, हा रस्त्यावरच्या गाडीचा चांगला सौदा. कॅम तसाच ठेवून १.५ ऐवजी १.६ प्रमाणाचे रॉकर बसवले तरी १०.४ची लिफ्ट ११.१ होते, आणि इंजिनाचा पुढचा भाग उघडावाही लागत नाही.

उरला तो इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधला कोन. हा कोन लहान, समजा १०८, असला की एक्झॉस्ट मिटायच्या आत इनटेक उघडतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी बराच काळ उघडे राहतात. याला ओव्हरलॅप म्हणतात. २६० अंशांचा कॅम ११२च्या कोनावर असेल तर ओव्हरलॅप ३६ अंश. २८४चा कॅम १०८वर असेल तर ६८. मसल कारचा तो प्रसिद्ध थरथरता, लंगडत चालल्यासारखा स्लो या ६८ अंशांतून येतो. कानाला तो गोड लागतो हे मी नाकारत नाही. पण तो आवाज म्हणजे जळलेला धूर परत इनटेकमध्ये येऊन मिश्रण बिघडवतोय आणि अधूनमधून सिलिंडर पेटायचे राहताहेत, याचीच वर्दी असते.

आवाजाची किंमत पहिल्यांदा ब्रेकवर कळते. पॉवर ब्रेकचा बूस्टर मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो. साध्या कॅमला स्लोवर १८ ते २० इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम मिळतो. मोठ्या ओव्हरलॅपवर तो दहा-बारावर येतो. रिक्षा आडवी आली, दोनदा ब्रेक मारला, तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं. दीड टन वजनाची गाडी थांबवायला मग मांडीचा जोर लागतो. ऑटोमॅटिक गिअर असेल तर स्लो नऊशे-हजारवर ठेवावा लागतो आणि ड्राइव्हमध्ये टाकताच गाडी पुढे ओढू लागते. कमी ठेवला तर बंद पडते. पीयूसीवालाही कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतो ते स्लोवरच, आणि अर्धवट जळालेलं पेट्रोल त्याच्या यंत्राला लगेच कळतं. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर ते मिश्रण पातळ करतं, आणि आधीच लंगडणारा स्लो आणखी मिसिंग करू लागतो. जेट मोठे घालून हे सावरता येतं, पण ते काम कॅमच्या खर्चात कुणी धरलेलं नसतं.

सरकारी कागदांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०२१च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला वेगळी नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी, इंजिनात मोठा फेरफार नको, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. एमएच-४८ नंबरप्लेटवर रोज फिरायचं की व्हिंटेजच्या पंगतीत बसायचं, हे कॅम मागवायच्या आधी ठरलेलं बरं. कारखानी आकड्यांच्या जवळचा कॅम दोन्हीकडे त्रास कमी देतो.

एवढं व्ही-८चं पुराण लावलं, पण आपल्याकडे अशा गाड्या आल्याच किती? ज्या घराण्यातून पुढे डॉज चार्जर आणि प्लिमथ बाराकुडा निघाल्या, त्याच्याशी मुंबईचं नातं मात्र जुनं आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स क्रायस्लरशी करार करून १९४७पासून कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडू लागली. त्या गाड्यांत साइड-व्हॉल्व्हची शांत सहा सिलिंडरी इंजिनं असत. अमेरिकेत १९६४मध्ये पॉन्टिॲक जीटीओने मसल कारचा जमाना सुरू केला, त्याच वर्षी कुर्ल्याहून निघाली फियाट ११०० डिलाइट. पुढे सत्तरच्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मराठी घरांतली खरी क्लासिक गाडी हीच. काँटेसाला आपल्याकडे कौतुकाने मसल कार म्हणतात, पण सुरुवातीला तिच्या त्या लांबलचक बॉनेटखाली ॲम्बेसेडरचंच १४८९ सीसी इंजिन होतं, हे म्हणणाऱ्यांना सहसा आठवत नाही.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. हीच मापं फियाटने १९३७च्या ५०८ सी मॉडेलमध्ये वापरली होती, आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली ती ऑक्टोबर २०२३मध्ये. एवढी वर्षं टिकायला जे कारण होतं त्यात कॅमचा वाटा मोठा. कॅम ब्लॉकमध्ये, चेनवर फिरणारा, वर पुशरॉड-रॉकर. म्हणजे रचनेने ती शेवरलेच्या व्ही-८चीच धाकटी बहीण. सुमारे ४० हॉर्सपॉवर, तीही ४,८०० आरपीएमला. पण कॅम मवाळ असल्यामुळे चार माणसं आणि कॅरिअरवर होल्डॉल घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये ती चढ चढायची. दादर-गिरगावच्या गर्दीत टॅक्सीवाला दिवसभर तिसऱ्या गिअरमध्ये रांगायचा आणि इंजिन कुरकुरायचं नाही.

आज वसई-विरारमध्ये ज्यांनी पद्मिनी जपून ठेवली आहे, त्यांच्यापैकी काहींना वाटतं, हिच्यातही थोडा दम भरावा. इथे कॅटलॉग उघडून कॅम मागवायची सोय नाही, म्हणून जुनाच कॅम रिग्राइंड करायचा मार्ग सुचवला जातो. त्यात नेमकं काय होतं हे समजून घेतलं पाहिजे. लोबवर धातू चढवत नाहीत. लोबचा गोल, म्हणजे जिथे व्हॉल्व्ह मिटलेला असतो तो भाग, घासून लहान करतात. टोक तेवढंच राहतं, गोल खाली जातो, म्हणून लिफ्ट वाढते. टॅपेट मात्र आता तेवढाच खाली बसतो. रॉकरवरचा स्क्रू खाली फिरवून गॅप भरून काढावा लागतो, रॉकरचा कोन बदलतो, आणि त्याचं टोक व्हॉल्व्हच्या मधोमध न बसता कडेला घासू लागतं. अर्धा मिलिमीटर चालून जातो. त्याहून जास्त घासलेला कॅम मी माझ्या गाडीत घालणार नाही.

हे काम साध्या ग्राइंडरवर होत नाही. गोखिवरे-सातिवलीच्या गाळ्यांमध्ये लेथ, मिलिंग, सिलिंड्रिकल ग्राइंडिंग हवं तेवढं मिळेल, आणि तिथले कारागीर मायक्रॉनमध्ये बोलतात. पण लोब गोल नसतो. तो घासायला मास्टर कॅमची नक्कल करणारं किंवा संगणकावर चालणारं कॅम ग्राइंडर लागतं. हाताच्या अंदाजाने, दगड लावून ‘थोडा उचलून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं. लोबच्या उतारावर शंभर मायक्रॉनची लाट राहिली तर टॅपेट त्या जागी प्रत्येक फेऱ्याला आपटतो.

घासण्याला मर्यादा का, याचं उत्तर सोलापुरात सापडतं. अक्कलकोट रोडच्या आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी आहे. यतीन शहा यांनी १९९२मध्ये सुरू केलेली. चादरी आणि टॉवेलसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावातून जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, मारुती अशा कंपन्यांना कॅमशाफ्ट जातात. डेट्रॉइटच्या व्ही-८वर जीव टाकणाऱ्या किती मराठी माणसांना हे ठाऊक असेल? तिथे मोठ्या प्रमाणावर बनणारा प्रकार म्हणजे चिल्ड कास्ट आयर्न. रेतीच्या साच्यात लोबच्या जागी लोखंडाचे तुकडे बसवलेले असतात. वितळलेलं बीड ओतलं की रेतीला लागलेला भाग सावकाश निवतो आणि आत ग्रॅफाइटचे पापुद्रे सुटून मऊ, करडं राहतं. लोखंडी तुकड्याला लागलेला भाग मात्र क्षणात थंड होतो; कार्बनला ग्रॅफाइट व्हायला वेळच मिळत नाही, त्याचं कार्बाइड होतं, आणि पृष्ठभाग काचेसारखा कठीण, पांढरा बनतो. एकाच दांड्यात आतला भाग मऊ आणि लोब कडक. हा कडकपणा काही मिलिमीटर खोलीपर्यंतच असतो आणि आत जावं तसा उतरत जातो. रिग्राइंड करताना आपण नेमका तोच थर काढत असतो.

जुन्या कॅमवर नवे टॅपेट चालतील, पण नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीही नाही, हा नियम लोब आणि टॅपेट यांच्या घर्षणातून आलेला आहे. टॅपेटचा तळ डोळ्यांना सपाट दिसतो. दोन टॅपेट घ्या, तळाला तळ लावा आणि उजेडाकडे धरून बघा: कडेने बारीक फट दिसेल. तळ किंचित फुगीर असतो, आणि लोबही एका बाजूला अगदी थोडा उतरता. त्यामुळे लोब मध्यावर न घासता टॅपेटला प्रत्येक फेऱ्यात थोडं स्वतःभोवती फिरवतो. फिरतो तोवर झीज सगळीकडे वाटली जाते. जुन्या टॅपेटचा तळ जुन्या लोबच्या मापाने खोलगट झालेला असतो. नव्या लोबवर तो फिरत नाही, एकाच जागी खरवडतो, आणि काही तासांत लोब गोल होऊन बसतो. रोलर टॅपेटला हा त्रास नाही. शेवरलेने स्मॉल ब्लॉकमध्ये १९८७पासून ते आणले. जुन्या ब्लॉकमध्ये बसवायचे संच मिळतात, महाग असतात, पण खिसा परवानगी देत असेल तर पैसे कॅटलॉगच्या मागच्या पानापेक्षा इथे घालावेत.

सपाट टॅपेट ठेवायचा असेल तर तेलाकडे लक्ष हवं. लोब आणि टॅपेट यांच्यात जस्त-फॉस्फरसचं जे द्रव्य संरक्षण देतं, ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक ठरतं म्हणून आजच्या गाड्यांच्या तेलात कमी केलं आहे. २००४ नंतरच्या एपीआय एसएम दर्जाच्या हलक्या तेलांत फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे. मॉलमधून आणलेलं महागडं सिंथेटिक म्हणूनच जुन्या इंजिनाला उलट वाईट ठरू शकतं. ट्रकमध्ये जातं ते सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० तेल वसई फाट्यावरच्या कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतं, आणि त्यात हे द्रव्य जास्त असतं.

बसवताना घाई करणाऱ्यांसाठी एक आकडा: स्मॉल ब्लॉकच्या क्रँक स्प्रॉकेटला १८ दात असतात. टायमिंग चेन एक दात चुकली की टायमिंग वीस अंशांनी हललं. चिन्हं जुळली म्हणून थांबू नये, कारण कॅमची खाच किंवा चेनचं स्प्रॉकेट दोन-चार अंशांनी चुकीचं निघू शकतं. क्रँकवर अंशांची चकती लावायची, पहिल्या इनटेक टॅपेटवर डायल गेज टेकवायचा, आणि क्रँक हाताने फिरवत १.२७ मिलिमीटरला चकतीवरचा आकडा वाचायचा. कॅमबरोबर आलेल्या कार्डाशी तो जुळला पाहिजे. कॅम चार अंश पुढे बसवला तर इनटेक लवकर मिटतो आणि खालचा दम वाढतो. आपल्या रस्त्यांना तेच हवं. लिफ्ट वाढवली असेल तर पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळण्यातली माती चिकटवा, हेड बसवून क्रँक दोन फेरे फिरवा, हेड काढून ती माती ब्लेडने कापा. सगळ्यात पातळ जागी इनटेकखाली दोन मिलिमीटर आणि एक्झॉस्टखाली अडीच मिलिमीटर माती उरलीच पाहिजे.

पहिल्या स्टार्टची तयारी आदल्या दिवशी करावी: लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट, तेलाचा पंप ड्रिलने फिरवून गॅलऱ्या भरलेल्या, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल, टायमिंग अंदाजे लावलेलं, रेडिएटरसमोर मोठा पंखा. इंजिन सुरू झालं की लगेच दोन ते अडीच हजार आरपीएम, आणि वीस ते तीस मिनिटं तिथेच, काटा थोडा वर-खाली करत. स्लोवर सोडायचं नाही, कारण लोबना पंपाच्या दाबाने तेल पोचत नाही, क्रँकवरून उडणाऱ्या शिंतोड्यांवरच त्यांचं भागतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करू नका. पाचव्या मिनिटाला सेक्रेटरी खाली येतील आणि तुम्ही इंजिन बंद कराल, आणि अर्धवट रुळलेला कॅम न रुळलेल्या कॅमपेक्षा बरा नसतो. ओळखीचा गाळा आणि मोकळं अंगण शोधा. अर्ध्या तासानंतर गरम असतानाच तेल काढून टाकायचं, फिल्टर काढून त्याचा डबा करवतीने उघडायचा, आतला कागद पसरून उन्हात बघायचा. राखाडी पेस्टचा लेप आणि एखाद-दुसरा बारीक कण ठीक. चुंबकाला चिकटणारी चकाकती भुकटी दिसली तर गाडी चालवत मनोरला जायचं नाही. इनटेक मॅनिफोल्ड काढून सोळाही टॅपेट एकेक करून बाहेर घ्यायचे आणि कोणता फिरलेला नाही ते बघायचं.